मधल्या खोलीतला कापूस

वास आधी येतो, डाग मागाहून दिसतात. गावोगावी लोकांच्या घरांत शिरून, भिंतींवर हात फिरवून मी हे शिकले होते आणि आमच्या पत्रकाच्या दुसऱ्याच ओळीत ते छापलेलंही होतं. तरी त्या दिवशी आमच्या स्वतःच्या घराच्या मधल्या खोलीचा पडदा सारला आणि तो वास नाकात गेला, तेव्हा मला वाटलं की हा मीच कपड्यांतून आणला असेल.

खोलीत माझी मोठी बहीण झोपली होती, कुशीत आठ दिवसांची मुलगी घेऊन. बाहेर दुपारचे बारा वाजले होते आणि आत दिवा लावल्याशिवाय बाळाचं नाक दिसत नव्हतं. एकुलत्या एका खिडकीत पोतं कोंबलेलं, त्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकच्या चारी बाजूंनी चिकटपट्टी. खाटेखाली शेगडीतली राख अजून कोमट होती. ताई उशी उभी करून तिला टेकून झोपली होती. आडवी नाही. ताई अशी बसल्या-बसल्या झोपते तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते मला माहीत आहे.

ताईला दमा आहे. सात वर्षांची असल्यापासून. शाळेच्या वाटेवर ती मध्येच थांबायची, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायची, आणि मी दोघींची दप्तरं गळ्यात अडकवून तिच्या छातीतली शिट्टी थांबायची वाट पाहायची. शिट्टी थांबली की आम्ही पुढे जायचो. मला शाळेत उशीर झाल्याच्या छड्या आठवत नाहीत, शिट्टी आठवते.

मी यवतमाळला एका लहानशा गटात काम करते. चुलीचा धूर, पिण्याचं पाणी, घरातली ओल, असल्या गोष्टींवर पत्रकं लिहायची, वस्त्यांत वाटायची, चौकात उभं राहून बोलायचं. मला बोलता येतं. आवाज मोठा आहे आणि भीड नाही. त्या पावसाळ्यात आमचा विषय ओल आणि बुरशी हाच होता. 'ओल ही नशिबाची गोष्ट नाही' हे वाक्य माझं. लोकांच्या काळ्या भिंतींकडे बोट दाखवून मी त्यांना विचारायची, की या खोलीत लेकरं झोपवता, तुम्हाला काही वाटत नाही का?

आमच्या घरात काय चाललं होतं, ते मी विचारलं नाही.

आमचं गाव नेरपासून एसटीनं अर्ध्या तासावर आहे. घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या: समोरची, मधली आणि स्वयंपाकाची. मधल्या खोलीला लागून बाहेर न्हाणी, दोघींमध्ये भिंत एकच. आमच्याकडे कापूस घरातच राहतो. वेचून आणला की मधल्या खोलीत टाकायचा. दिवाळीनंतर ढीग चढत जातो, माणसं कडेकडेनं चालतात, लेकरं त्यात उड्या मारतात आणि मग अंग खाजवत बसतात. भाव वाढेल म्हणून थांबायचं, ही आमची जुनी खोड. या वर्षी बाबा मृग लागेपर्यंत थांबले. ढीग उचलला तेव्हा न्हाणीकडची भिंत ढिगाच्या उंचीपर्यंत काळी निघाली. तळचा कापूस पिवळा-करडा होऊन भिंतीला चिकटला होता. व्यापाऱ्यानं तेवढा बाजूला काढून ठेवला आणि बाकीचा नेला.

हे सगळं बाबांनी मला फोनवर सांगितलं होतं. मी तेव्हा एका वस्तीत सभेच्या तयारीत होते. ते म्हणाले, "भिंत खराब झाली वं. ताई येऊन राह्यली बायंतपनाले. रंग मारून घेतो."

मी म्हटलं, "घ्या न मारून. आकाशी मारा, चांगला दिसते."

फोन ठेवला आणि माइक हातात घेऊन ओल्या भिंतीवर रंग मारण्याचे धोके सांगायला उभी राहिले. खोटं नाही सांगत. त्याच दिवशी.

तो आकाशी रंग आता ताईच्या डोक्यावर फुगला होता. पापुद्रे सुटले होते आणि पापुद्र्यांच्या कडांनी काळे ठिपके निघाले होते, मोहरीएवढे, काही एकटे, काही घोळक्यानं. मी भिंतीला तळवा लावला. थंड आणि ओला. हात मागे घेतला तर तळव्यावर आकाशी पावडर आणि तो वास.

"कधी आली?" ताईनं डोळे न उघडता विचारलं. दोनच शब्द, पण मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला.

"आत्ताच. तुहा पंप कुठी आहे?"

"बंद केला."

"काहून?"

"दुधात उतरते म्हन्तेत."

"कोन म्हन्ते?"

"सारेच." मग तिनं डोळे उघडले. "सुरू नको होऊ. लेकरू झोपलं आत्ता."

मी पेन्सिल घेतली आणि त्या ठिपक्यांच्या सगळ्यात मोठ्या घोळक्याभोवती रेघ ओढली. सरळ चौकोन. उद्या कळेल किती वाढतं, असा विचार होता. कामाची सवय.

आई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती.

"आई, खिडकी उघड."

"वारं लागन."

"वारं लागलंच पाह्यजे. भिंत पाह्यली का? काळी झाली."

"मंग त्या भिंतीले घेऊन जाय यवतमाळले. माह्या बायंतिनीले मी वारं लागू देत नसतो."

"तिले दम लागून राह्यला."

आईचा हात थांबला. "बायंतपनात लागतेच थोडासा."

"थोडासा नाही हा. समोरच्या खोलीत झोपव तिले. तिकडे दोन खिडक्या आहेत, ऊन येते."

"समोर दिवसभर लोक येऊन राह्यले लेकरू पाहाले."

"येऊ दे न. काय होते?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार असं वाटलं, पण बोलली ती वेगळंच. "तुह्या त्या कागदात बायंतीन आहे का कुठी?"

नव्हती. पत्रकात शाळकरी मुलं होती, म्हातारी माणसं होती, भाडेकरूसुद्धा होते. बाळंतीण नव्हती.

"नाई न?" आई म्हणाली. "मंग लाडू खाय."

टोमणा मला चांगलाच लागला. मी लाडू खाल्ला नाही. अंगणात जाऊन मनातल्या मनात आईशी भांडले, अंधश्रद्धा हा शब्द चार-पाच वेळा वापरला. पण भांडणाच्या खाली भीती होती, आणि ती दुपारभर वाढत गेली. पडद्याआड बसून मी ताईचे श्वास मोजले. मग बाळाचे मोजले. बाळ झरझर श्वास घेतं, मध्येच थांबतं, पुन्हा घेतं. मला माहीत होतं की नवं लेकरू असंच करतं. तरी दर वेळी ते थांबलं की माझाही श्वास थांबायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी भिंत पाहिली. रेघेच्या बाहेर दोन ठिपके होते. ते आदल्या दिवशीच होते आणि अंधारात सुटले, की नवे निघाले, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. तेव्हा मात्र मला एकच दिसलं, की ते बाहेर पडले आहेत आणि बाळाच्या बाजूला सरकले आहेत.

मी वाट पाहायची नाही असं ठरवलं.

दहा वाजता खाला यायच्या. खाला म्हणजे गावातल्या बाळंतिणींना मालिश करणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या बाई. वयानं आईपेक्षा मोठ्या. हातात बळ असं, की ताईच्या पाठीवर थापटी मारली की समोरच्या खोलीत ऐकू जायची. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पिंजाऱ्याचं काम. त्यांचे मियाँ गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. ताईला आणि बाळाला घेऊन त्या न्हाणीत गेल्या की तासभर तरी बाहेर यायच्या नाहीत. आई पाणी तापवून पातेल्यामागून पातेलं देत राहायची. बाबा वावरात होते. तो तास माझा होता.

ग्रामपंचायतीतून ब्लीचिंग पावडर आणली होती. घासायला काथ्याचा ब्रश होता. आमच्या पत्रकातला चौथा मुद्दा मला पाठ होता: बुरशी कोरड्या ब्रशने घासून काढावी, नंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिंत पुसावी. तो मी दुसऱ्या कुठल्याशा कागदावरून उतरवला होता. कोणी तपासला नाही. मीही नाही.

खाट मी सरकवली नाही. गादीवर नुसती एक चादर टाकली. खिडकीतलं पोतं तसंच राहू दिलं, कारण त्यावरून आईशी पुन्हा भांडायला वेळ नव्हता. आणि घासायला लागले. रंगाचे पापुद्रे भुरभुर गळाले, त्यांच्यामागून काळी भुकटी उडाली. दिव्याच्या उजेडात ती तरंगताना मला दिसत होती. दिसत होती तरी मी घासत राहिले, कारण रागानं घासताना बरं वाटतं. नाकावर रुमालही नव्हता. मग ब्लीचिंगचं पाणी मारलं. डोळ्यांतून पाणी आलं, घसा जळला, आणि मला वाटलं की आता चाललं आहे ते बरोबरच चाललं आहे.

पलीकडून न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. एक पातेलं, दुसरं, तिसरं. माझा हात भिंतीवर होता. मी पुसलेली जागा खालून पुन्हा ओली होत वर येत होती. बाळंतिणीला दोन वेळा भरपूर कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, आणि ते पाणी तिच्याच उशाशी भिंतीतून परत यायचं. माझ्या ध्यानात आलं, आणि नेमकी तेव्हाच खाला ताईला घेऊन पडद्यातून आत आल्या.

"अगं बाई, हा कायचा वास?" खाला म्हणाल्या.

ताई ओल्या केसांनी खाटेवर बसली. आईनं शेगडी आत आणली, तिच्यात ओवा टाकला. पडदा ओढला. मी बादली उचलून बाहेर ठेवली, हात धुतले. हात धुऊन होईपर्यंत शिट्टी सुरू झाली होती.

मी आत धावले. ताई दोन्ही हात खाटेच्या काठावर रोवून बसली होती. खांदे वर चढलेले, मान पुढे, गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. ती माझ्याकडे पाहत होती पण मला पाहत नव्हती. ओठांचा रंग मला त्या अंधारात कळेना. बाळ खाटेवर टाकलेलं होतं, मी ते उचललं. ते रडायला लागलं आणि मला त्याचं रडणं इतकं हवंहवंसं वाटलं, कारण रडतं म्हणजे श्वास घेतं.

आई उठली. मला वाटलं पाणी आणायला, पंप आणायला. आई समोरच्या खोलीत गेली, तिनं रस्त्याकडचं दार लावून घेतलं, कडी घातली, आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

मी तशीच उभी राहिले. कोणत्यातरी मालिकेतलं भांडण घरभर ऐकू येत होतं आणि त्याच्याखाली ताईची शिट्टी बुडून गेली होती.

"टीव्ही काय लावता, पह्यले इले बाहेर काढा," खाला ओरडल्या. त्यांनी ताईच्या काखेत हात घातले आणि तिला जवळजवळ उचलून मागच्या दारानं परसात नेलं. टिनाच्या छपराखाली, जिथं सरपण ठेवतो तिथं, एका पेटीवर बसवलं. "मान खाली नको घालू. माह्या खांद्याले धर. हळू सोड, हळू. तोंडानं सोड बेटा."

"पंप," ताई म्हणाली. नुसते ओठ हलले.

आई परसाच्या दारात येऊन उभी होती. ती मागे वळली, स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पंप काढला. त्याला तांदळाची भुकटी लागली होती. तो तिनं पदरानं पुसला. पंप ताईनं बंद केला होता, पण लपवला होता आईनं.

पंप तोंडाला लावला, दाबला. थांबलो. पुन्हा दाबला. मी मनात अंक मोजत होते आणि दर वेळी वीसच्या पुढे विसरत होते. नेरला न्यायचं तर गाडी कुणाची, रस्त्यात किती वेळ, हे डोक्यात फिरत होतं, आणि त्याच्याही खाली, मी केलं, मी केलं, मी केलं.

बऱ्याच वेळानं ताईचे खांदे खाली आले. तिनं खालांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग म्हणाली, "लेकराच्या अंगावर काही टाका." हे पूर्ण वाक्य ती एका दमात बोलली तेव्हा मला रडू आलं.

पांघरूण आणायला खाला आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांघरूण नव्हतं. खाटेवरची अख्खी गादी त्यांनी ओढत आणली होती, आणि परसात टाकून तिच्यावर नाक टेकवलं. मग आईकडे पाहिलं.

"ही गादी कोनं भरली?"

"नेरले भरून आनली. मशिनीवर."

"कापूस?"

"घरचाच."

"कोनता घरचा?"

खालांनी विळीनं गादीची एक शिवण उसवली आणि मूठभर कापूस बाहेर काढला. पांढरा नव्हता तो. करडा, गुठळ्या झालेला, मध्ये मध्ये काळ्या गाठी. व्यापाऱ्यानं बाजूला काढला तो तळचा कापूस. मूठ उघडली तशी तिच्यातून धूर उडावा तशी भुकटी उडाली.

"माह्या मियाँची सारी उमर रुई धुनन्यात गेली," खाला म्हणाल्या. "वासावरून सांगते ते, कोनता कापूस कितीक भिजला. ह्याले त्यानं हात नसता लावला. म्हनूनच नाई दिला न आमच्याकडे? मशीन काही बोलत नाई."

"वाळवला होता मी," आई म्हणाली. "तीन दिवस उन्हात घातला. कडक वाळवला."

"सडलेलं वाळवलं तं चांगलं होते का, भाभी?"

"मंग काय टाकून देऊ? घरच्या वावरातला कापूस. लेकीले पह्यली गादी घरच्या कापसाची द्याव म्हनतेत. लेकराची दुपट्यातली गादीही त्याचीच आहे. खिडकीतल्या पोत्यातही तोच." हे शेवटचं तिनं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, आणि मग हातातला पदर तोंडात धरला.

खाला माझ्याकडे वळल्या. मी बाळ छातीशी धरून उभी होते. "अन् तू कागदवाली. सारी सडी रुई बिस्तरात, अन् बाई तिकडे भिंतीसंगं कुस्ती खेळून राह्यली. ब्रशनं घासून आनखी उडवली लेकराच्या अंगावर."

नऊ दिवस ताई त्या गादीवर झोपली होती, बाळाचं नाक त्या दुपट्यात होतं, आणि मी भिंतीवर पेन्सिलनं चौकोन काढत होते.

बाबांना बोलावणं गेलं. ते येईपर्यंत आई परसाच्या पायरीवर बसून होती. मी तिच्याजवळ बसले.

"दार काहून लावलं आई?"

तिनं उसवलेल्या गादीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिकडच्याईले माहीत नाई."

"काय माहीत नाही?"

"ताईच्या दम्याचं. लग्नाच्या वेळी सांगतलं नाई आमी. कोन करते दम्याची पोरगी? मंग ताई तिकडे लपून पंप घेत राह्यली. आता बारशाले सासू येईन. समोरच्या खोलीत झोपवली, अन् तिनं शिट्टी आयकली तं? लेकीले तिच्या लेकीसकट इथीच ठेवून जाईन ते."

मला वाटलं होतं आई वाऱ्याला भिते. ती वाऱ्याला भीतच होती, नाही असं नाही. पण खिडकी त्या भीतीनं बंद नव्हती. एरवी मी भाषण केलं असतं. माझ्याकडे दम्याचा कलंक या विषयावरही चार वाक्यं तयार आहेत. ती मी काढली नाहीत. आईचा हात धरला, तो भिंतीसारखाच थंड होता.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या लशीचं निमित्त करून ताईला नेरला नेलं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. डॉक्टरांनी तपासलं. पंप दुधाला बाधत नाही, बंद करणं बाधतं, असं त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं, आणि मला विचारलं, "धूळ कशी काय लागली एवढी?" मी सांगितलं. सगळं, ब्रशसकट. ते म्हणाले, कोरडं कधी घासायचं नसतं. आधी ओलं करायचं, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायचं, नाकतोंड बांधायचं, आणि आजारी माणूस घरातच असू नये त्या वेळी. मी मान हलवली. तो चौथा मुद्दा किती घरांत गेला असेल, याचा हिशेब मी बसमध्ये करायला घेतला आणि सोडून दिला.

मग घर स्वच्छ केलं. ताई आणि बाळ समोरच्या खोलीत, दोन्ही खिडक्या उघड्या, ताईच्या कानाला रुमाल बांधलेला. तेवढी आईची अट. बाबांनी न्हाणीतलं पाणी बंद केलं, परसाच्या टोकाला दगड मांडून नवी जागा केली. भिंत आधी भिजवली, मग ओला गिलावा खरडून खाली विटांपर्यंत काढला, पोत्यात भरून बाहेर नेला. बाबा आणि मी, दोघंही तोंडाला फडकी बांधून. खोली उघडी ठेवून पंखा लावून दिला. पावसाची झड होती, काही वाळत नव्हतं. जाळायची म्हटलं तर गादी पेटेना. शेवटी बाबांनी ती आणि खिडकीतलं पोतं ओलं करून प्लॅस्टिकात बांधलं आणि वावरातल्या शेणखताच्या खड्ड्यात पुरलं.

"कापूस तिथूनच आला होता," ते म्हणाले. "तिथीच गेला."

दुपट्यातली लहान गादी आईनं स्वतः उसवली. नाकाला पदर बांधून, एक एक टाका. आतला कापूस फेकला आणि वरचं कापड उकळत्या पाण्यात टाकलं. त्या कापडावर तिनं पोपट भरले होते.

बाराव्या दिवशी, बारशाला, ताईची सासू आली. उंच, कमी बोलणारी बाई. दारातूनच तिनं खोली पाहिली. बाळंतीण समोरच्या खोलीत, खिडक्या उघड्या, खाटेवर जुनी सतरंजी.

"गादी नाई केली का लेकीले?" तिनं आईला विचारलं.

आईनं तोंड उघडलं. मला दिसलं की ती खोटं शोधते आहे आणि सापडत नाही.

"केली होती, आत्याबाई," ताई म्हणाली. "ओल्या कापसाची झाली. मले त्यानं दम लागला." पंप तिच्या उशाशी उघडा ठेवलेला होता, तो तिनं हातात घेतला. "मले दमा आहे. लहानपनापासून. तुमाले सांगतलं नव्हतं."

टीव्ही बंद होता. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

सासूनं आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते आईनं मान खाली घालून घेतलं. मग ती बाई खाटेवर बसली, बाळ उचललं, आणि त्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हिले आहे का?"

"आताच नाई समजत म्हन्तेत डाक्टर," ताई म्हणाली.

"कधी समजते?"

सासूनं बाळ मांडीवर घेतलं, तिची कुंची सारखी केली. मग कोणाकडे न पाहता म्हणाली, "सव्वा महिन्यानं घेऊन जाऊ. तवापर्यंत दिवाळी आली. आमच्या इथी तं कापूस झोपाच्याच खोलीत भरतेत. भिंतीले भिंत लावून, छतापर्यंत."

मला एकदम त्यांच्या घरातली ती खोली दिसली. मी तिथं एकदाच गेले होते, लग्नानंतर. पलंगाच्या तीन बाजूंना कापूस होता आणि आम्ही सगळ्या त्याला टेकून हसत बसलो होतो.

"तूच न ते कागद वाटते?" सासूनं मला विचारलं. "एक दे. मले वाचता येत नाई, पोरगा वाचून दाखवीन."

माझ्या पिशवीत होते. जुनेच होते, चौथ्या मुद्द्यासकट. मी एक काढला, देण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. बाबांच्या खिशातला पेन मागितला. खाली जमिनीवर बसून चौथा मुद्दा आडव्या रेघांनी असा खोडला की अक्षर दिसू नये, आणि समासात लिहायला घेतलं: आधी ओलं करा. लेकराला दुसऱ्या घरी न्या. मग लिहिलं, कापूस माणसाच्या खोलीत नको. मग थांबले, कारण त्यांच्या घरात दुसरी खोली नव्हती, हे मला माहीत होतं.

"काय झालं?" सासूनं विचारलं.

"जागा कमी पडून राह्यली," मी म्हटलं.

"मागं लिही न मंग," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकून बाळाच्या छातीला कान लावला.